हात लहान, पकड कमी: बाबांचं रिव्हॉल्व्हर नावावर करून घ्यायचंय, सल्ला द्या

जुळेसोलापूरकरीण

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलं तर समजून घ्या. माझं वय ४७, माहेर नान्नजच्या बाजूला, द्राक्षाची बाग आहे आणि घर रानातच, शेजार म्हणाल तर हाकेच्या पलीकडं. भाऊ दोघं बाहेर असतात त्यामुळं बागेचं मीच बघते, आठवड्यातले चार दिवस तिकडं आणि तीन दिवस जुळे सोलापूरला. बाबांकडं २००१ पासून पॉइंट ३२ चं (हे गोळीचं माप) रिव्हॉल्व्हर आहे, कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं, रीतसर लायसनवालं. बाबा आता ७३ चे झाले, डोळ्याला कमी दिसतं, ते म्हणतात तुझ्या नावावर करून घे, रात्रीची मोटर सोडायला तूच जातेस.

अडचण माझ्या हाताची आहे. बाबांनी रिकामं करून, गोळ्यांची सहाची सहा घरं मला दाखवून हातात दिलं तर बोटाचं नुसतं टोक ट्रिगरला लागतं, दाबायला गेलं की सगळं रिव्हॉल्व्हरच मुठीत फिरतं. त्यात दोन वर्षांपूर्वी उजव्या हाताचं कार्पल टनेलचं ऑपरेशन झालंय, अंगठ्याच्या बुडाला पण दुखतं. भाऊ म्हणतो हे विकून टाक आणि निर्भीक नावाचं रिव्हॉल्व्हर घे, बायकांसाठीच काढलंय, हलकं आहे. मिस्टर म्हणतात पिस्तूल घे, चपटं असतं, लहान हातात बसतं. लहान हाताच्या माणसानं नक्की काय बघून निवडायचं?

सातरस्ता

निर्भीकच घ्या ताई. २०१४ ला आलं तेव्हा पेपरात वाचलेलं, टायटॅनियमचं, वजन ५०० ग्रॅम फक्त. पर्समध्ये मावतं. किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या आसपास होती, आताचं माहीत करून घ्या. लहान हाताला लहान हत्यार, सरळ आहे.

माळावरचा

सातरस्ता, भावा, राग मानू नको पण इथंच सगळे चुकतात आणि दुकानात पण हेच सांगतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी फौजेत २२ वर्षं काढली, शेवटची काही वर्षं नव्या पोरांना फायरिंग शिकवण्यात गेली, त्यामुळं लहान हात, घामेजलेले हात, थरथरणारे हात सगळे बघितलेत.

ताई, लहान हाताला लहान आणि हलकं हत्यार सोपं जातं ही समजूत डोक्यातून काढा. गोळी तीच, दारू तीच, मग पुढं जाणाऱ्या गोळीचा उलटा धक्का कुणीतरी खायचाच असतो, हत्यार जड असलं तर ते स्वतः खातं आणि हलकं असलं तर तुमचा हात खातो. ७०० ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर आणि ५०० ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर यात तीच पॉइंट ३२ ची गोळी मारून बघा, फरक मनगटाला कळतो. खिशात घेऊन फिरायला हलकं बरं आणि मारायला जड बरं, हा हिशोब जगात कुठंही गेलात तरी बदलत नाही. त्यात बुटकी नळी म्हणजे पुढची माशी आणि मागची खाच यांच्यातलं अंतर कमी, नेम धरताना केसभर चूक झाली तरी पुढं वीतभर होते. लहान हत्यार हे मुरलेल्या माणसाचं काम आहे, शिकणाऱ्याचं नाही.

पॉइंट ३२ ची गोळी तशी गरीब आहे, त्याला घाबरू नका. तुमची खरी अडचण धक्क्याची नाहीच, ट्रिगर लांब पडतोय ही आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली जी खोबण आहे ती हत्याराच्या मुठीच्या मागं जितकी वर बसेल तितकी वर बसवा. आता नळी आणि तुमचं कोपरापासूनचं हाड एका रेषेत आलं पाहिजे, वरून बघितलं तर हत्यार म्हणजे हाताचंच पुढचं टोक वाटावं. ही रेष न मोडता तर्जनी ट्रिगरवर कुठं पडते ते बघा. पहिल्या पेराचा मऊ भाग पडला तर हत्यार तुमचं. टोक पडत असेल आणि पोचण्यासाठी मूठ फिरवावी लागत असेल तर ते तुमचं नाही, कारण मग धक्का तळहातात न जाता थेट अंगठ्याच्या सांध्यावर जातो, आणि तुम्ही तोच दुखतोय म्हणताय.

एक विचारतो, बाबांच्या रिव्हॉल्व्हरची मूठ कंपनीची आहे का नंतर बदललेली?

पार्कचौकातला

युट्यूबवर बघितलं की, अमेरिकेत खास कमी ताकदीच्या हातांसाठी स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी म्हणून पिस्तूल निघालंय २०१८ पासून, स्लाइड (गोळी भरायला मागं ओढायचा वरचा भाग) एकदम हलकी ओढली जाते. तसलं काही बघा ना.

माळावरचा

बघून काय करणार? बाहेरून हत्यार आणणं आपल्याकडं साध्या लायसनवाल्याला ८० च्या दशकापासून बंद आहे, आणि नाइन एमएम पॅराबेलम तर नागरिकांना चालतच नाही, प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या मापात येतं. तिकडचे व्हिडिओ हात कसा धरायचा हे शिकायला बघा, खरेदीला उपयोगाचे नाहीत. आपल्याकडं खऱ्या अर्थानं पर्याय म्हणजे पॉइंट ३२ चं रिव्हॉल्व्हर, पॉइंट ३२ चं पिस्तूल, नाहीतर पॉइंट २२. रिव्हॉल्व्हरमध्ये २०२३ ला कानपूरचंच प्रबल आलंय, वजन ७०० च्या आसपास, त्याचं सिलिंडर (गोळ्यांच्या घरांचं फिरतं चाक) बाजूला उघडतं, बाबांच्यासारखी नळी पुढं वाकवून उघडावं लागत नाही.

अश्विनीमेडमबरोबर

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बंदुकीतलं काही कळत नाही पण हाताचं कळतं. ताई, आधी पकड मोजून घ्या, डायनॅमोमीटर बऱ्याच फिजिओंकडं असतो, दोन मिनिटांचं काम आहे. आशियाई बायकांमध्ये १८ किलोच्या खाली पकड म्हणजे कमी धरतात. दुसरं, ताकद ही एक गोष्ट नसते. मुठीची ताकद वेगळी, चिमटीची वेगळी, एकटं बोट वाकवायची वेगळी. कार्पल टनेलमध्ये दबते ती नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांच्याकडं जाते, म्हणजे ट्रिगरचं बोट नेमकं त्यातच आलं. बोटाच्या टोकाला बधिरपणा राहिलाय का? तो असेल तर ट्रिगरवर बोट आहे की नाही हेच नीट कळणार नाही, आणि हे मला ताकदीपेक्षा जास्त काळजीचं वाटतं. अंगठ्याच्या बुडाचं दुखणं म्हणजे बहुतेक सांध्याची झीज, एक्सरे काढा.

कुंभारीचा_पोरगा

फिजिओ मॅडमनी लिहिलंय ते शंभर टक्के. माझ्या आईनं तीस वर्षं विड्या वळल्या, दिवसाला हजार हजार. लोकांना वाटतं तिच्या हातात ताकद नाही, पण चिमटीत तिनं काही धरलं तर माझ्याच्यानं सुटत नाही, आणि डब्याचं झाकण मात्र तिला उघडत नाही. हात एकाच कामाला घडलेला असतो ओ. तुम्ही ताई भाकरी थापता, छाटणी करता, द्राक्षाची कात्री धरता, तुमचा हात कमजोर आहे असं मला वाटत नाही, त्याला हे काम माहीत नाही इतकंच.

हुतात्माएक्स्प्रेस

विषय निघालाय म्हणून विचारतो, धागा भरकटतोय वाटलं तर सांगा. माझी मुलगी १३ वर्षांची, टेन मीटर एअर पिस्तूल सुरू केलंय, हात अगदीच चिमुकला. क्लबचं पिस्तूल धरलं की करंगळी लोंबकळते. मनू भाकरनं पॅरिसला दोन ब्रॉन्झ आणली तेव्हापासून तिच्या डोक्यात हेच आहे. तिच्यासाठी काय बघू?

माळावरचा

भरकटत नाही, उलट हाताचं गणित तिथं जास्त स्वच्छ दिसतं. एअर पिस्तूलमध्ये धक्का जवळजवळ नसतो, ट्रिगर नियमानं कमीत कमी ५०० ग्रॅमचा, म्हणजे बोटाच्या ताकदीचा प्रश्नच मिटला. तिथं प्रश्न राहतो वजनाचा आणि मुठीच्या आकाराचा. नियमात दीड किलोपर्यंत चालतं, बहुतेक पिस्तुलं किलोच्या आसपास, आणि ते एका हातानं समोर धरून ६० गोळ्या मारायच्या. १३ वर्षांच्या खांद्याला ते जड आहे, घाई करू नका, आधी टेकू देऊन मारू द्या.

मूठ मात्र तिच्याच मापाची हवी. स्टेयर, मोरिनी, वॉल्थर, सगळ्या कंपन्यांच्या लाकडी मुठी मापात येतात, एकदम लहान माप पण असतं, खाली तळहाताला टेकणारी फळी वरखाली सरकते. लहान मूठ लावून मग जिथं टोचतं तिथं कानशीनं घासायचं, जिथं पोकळ वाटतं तिथं लाकडाची पुट्टी भरायची. मोठे नेमबाज पण हेच करतात. पोर वाढतेय त्यामुळं पिस्तूल आता विकत न घेता नुसती मूठ घ्या, क्लबचं पिस्तूल कोणत्या मॉडेलचं आहे ते विचारून. पॉइंट १७७ मापाचं आणि २० ज्यूल ताकदीच्या आतलं एअर पिस्तूल असेल तर लायसन लागत नाही, ते टेन्शन घेऊ नका.

हुतात्माएक्स्प्रेस

फार उपकार झाले. कोचशी बोलतो. राही सरनोबत आमच्या कोल्हापूर साइडच्या, २०१८ ला एशियाडला पंचवीस मीटरमध्ये गोल्ड मारलं, त्यांचं नाव सांगून मुलीला रोज उठवतो.

नवीपेठवाला

मला राहवत नाही म्हणून लिहितो. ताई, हत्यार घरात असलं म्हणजे माणूस सुरक्षित होतो असं नाही. रानात अंधारात कोण आलंय हे कळायच्या आत हात त्यावर जातो, तो गडी पण असू शकतो, पाहुणा पण. त्याऐवजी मोठे दिवे लावा, दोन कुत्री पाळा, कॅमेरा बसवा, मोटरला मोबाइल स्टार्टर लावा म्हणजे रात्रीचं जावंच लागणार नाही. हे सगळं मिळून एका रिव्हॉल्व्हरपेक्षा स्वस्तात होईल.

जुळेसोलापूरकरीण

दादा, तुमचं बरोबर आहे आणि दिवे, कुत्री, स्टार्टर तिन्ही आहेत. स्टार्टर लाइटच्या भरवशावर, आणि आमच्याकडं लाइट रात्रीची कधी येईल त्याचा नेम नाही. मी हे कुणावर रोखायला घेत नाहीये. पण बाबांच्या पश्चात ते बेवारस कपाटात पडू नये आणि घरात आहे तर मला ते नीट हाताळता यावं इतकं मला पक्कं वाटतं. न शिकता घरात ठेवणं मला जास्त भीतीचं वाटतं.

माळावरच्या काकांना उत्तर: हो! बाबांचे हात मोठे आहेत, त्यांनी घेतल्यावर वर्षभरात एका दुकानातून जाड लाकडी मूठ बसवून घेतलेली. मूळच्या पातळ पट्ट्या आईनं देवघराच्या फडताळात काडेपेटीच्या खोक्यात ठेवल्यात, आजच सापडल्या.

माळावरचा

मग अर्धा धागा इथंच मिटला. जाड मूठ मागून पण गुंडाळलेली असेल तर ट्रिगरचं अंतर तिनंच वाढवलंय. पातळ पट्ट्या परवानाधारक दुकानदाराकडून बसवून घ्या, घरी स्क्रूड्रायव्हर लावू नका. लायसन बाबांचं असेपर्यंत दुकानात बाबाच घेऊन जातील, तुम्ही सोबत जा.

कलेक्टरकचेरीसमोर

कागदाचं मी सांगतो, माझ्या वडिलांचं असंच करून घेतलं. २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये सोय आहे, लायसनधारक ७० वर्षांचा झाला किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडं असलं की तो हयातीतच वारसाच्या नावानं द्यायला सांगू शकतो, वारसाला लायसन नव्यानं मागावं लागतं. अर्ज ऑनलाइन जातो. तुम्ही राहायला शहरात दाखवलं तर पोलीस आयुक्तालय, गावचा पत्ता असेल तर कलेक्टर, हे आधी ठरवा कारण मध्येच पत्ता बदलला की फाइल फिरत बसते. बाकी वारसांची ना हरकत लागते, म्हणजे दोन्ही भावांची सही. डॉक्टरचं सर्टिफिकेट, सुरक्षित ठेवण्याची हमी, आणि हत्यार हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन पाच वर्षांचं मिळतं, आधी तीन होतं. इलेक्शन लागलं की जमा करायची नोटीस येऊ शकते, तेव्हा पावती जपून ठेवा.

ट्रेनिंग नावापुरतं उरकू नका. तुम्हाला फायर करायची पहिली संधी तीच आहे.

जुळेसोलापूरकरीण

दीड महिन्यानं लिहितेय. सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलं म्हणून जे झालं ते पूर्ण सांगते, माझ्यासारखी अजून कुणी वाचत असेल.

फिजिओकडं जाऊन आले. उजव्या हाताची पकड १५ किलो, डाव्याची १९. म्हणजे माझा डावा हात जास्त धड आहे हे मला या वयात कळलं. बोटाला बधिरपणा नाही, टाचणी टोचून बघितलं त्यांनी. अंगठ्याच्या सांध्याला झीज आहे. रबरी चेंडू दाबायला दिलाय आणि बोटं उघडायला रबर बँड, रोज दोन वेळा.

पातळ पट्ट्या बसवल्या. दुकानात रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर काकांनी सांगितल्याप्रमाणं रेष धरून बघितली तर पेराचा मऊ भाग ट्रिगरवर आला. मी दुकानातच बाबांच्या तोंडाकडं बघत राहिले.

ट्रेनिंग पुण्याकडच्या एका रेंजवर झालं, पहाटे निघून रात्री परत. तिथं तीन हत्यारं मारायला मिळाली. हलकं पाचशे ग्रॅमचं पहिल्यांदा दिलं, सहा गोळ्यांत अंगठ्याची खोबण लाल झाली आणि चौथ्या गोळीपासून आवाजाच्या आधीच डोळे मिटायला लागले, कागदावर सगळं खाली डावीकडं. ट्रेनर म्हणाले हा धक्का नाही, तुम्ही धक्क्याची वाट बघून हात दाबताय. मग बाबांच्या जातीचं, जड. त्यातल्या सहा गोळ्या वहीच्या पानाएवढ्या जागेत गेल्या, सात मीटरवरून. तिसरं पॉइंट ३२ चं पिस्तूल. धरायला खरंच छान, चपटं, मिस्टर म्हणत होते तसंच. पण स्लाइड मला ओढता येईना. चिमटीनं ओढायला गेले तर हललीच नाही. मग त्यांनी शिकवलं, डावा पंजा वरून पूर्ण मिठी मारल्यासारखा स्लाइडवर ठेवायचा, पिस्तूल छातीजवळ आणायचं, नळी निशाणाकडंच, आणि डाव्या हातानं ओढण्यापेक्षा उजव्यानं खालचा भाग पुढं ढकलायचा. तसं पाच वेळा केलं, दोनदा जमलं. एकदा गोळी अडकली, ते म्हणाले मनगट सैल राहिलं की असं होतं, पिस्तुलाला मागं टेकायला घट्ट हात लागतो. अडकलेली गोळी काढायला पुन्हा तीच स्लाइड ओढायची. ते मला झालं नाही, त्यांनी काढून दिली. तिथंच मी पिस्तुलाचा विचार सोडला.

माळावरचा

शाब्बास. पॉइंट ३२ च्या पिस्तुलाची स्लाइड कडक असते कारण त्यात नळी अडकवून ठेवायची वेगळी कळ नसते, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग हेच गोळीला थोपवून धरतात, म्हणून स्प्रिंग दांडगी घालावी लागते. लहान पिस्तूल म्हणून सोपं हे इथं पण उलटं पडतं.

ट्रिगर कसा दाबला? डबल अॅक्शन, म्हणजे नुसता ट्रिगर दाबून, का हॅमर (मागचा घोडा) आधी मागं ओढून?

जुळेसोलापूरकरीण

डबल अॅक्शन दोनदाच जमलं, बोट थरथरतं. त्या ट्रिगरला चार पाच किलोचा जोर लागतो म्हणाले, हॅमर ओढून ठेवला तर दोनाच्या आसपास. हॅमर उजव्या अंगठ्यानं ओढला की सांध्यात कळ येते. ट्रेनरनी दोन्ही हातांनी धरून डाव्या अंगठ्यानं ओढायला लावला, उजव्या मुठीची पकड हलतच नाही त्यामुळं. ते एकदम बसलं हातात.

माळावरचा

बरोबर शिकवलंय. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा आणि या मी हात जोडून सांगतो. ओढलेला हॅमर गोळी न मारता परत खाली सोडणं हे कमजोर अंगठ्याचं सगळ्यात धोक्याचं काम आहे, अंगठा निसटला की गोळी सुटली. ते रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर, ट्रेनर शेजारी उभा असताना, शंभर वेळा करा, नळी कायम मातीकडं. आणि मारायचं नक्की नसेल तर हॅमर ओढूच नका. दुसरं, हात लहान असला की डाव्या हाताचं बोट आधारासाठी पुढं पुढं सरकतं. सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये जी फट असते तिथून गरम वायू बाहेर येतो, बोट तिथं जाता कामा नये.

घरी सराव करायचा तर लायसन नावावर झाल्यावर, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, डमी काडतुसं घालून. पुढच्या माशीवर एक रुपया ठेवायचा आणि तो न पडता ट्रिगर दाबायचा, रोज वीस वेळा. बोटाची ताकद त्यानंच येते.

अश्विनीमेडमबरोबर

वीस नको, ऑपरेशन झालेल्या हाताला दहापासून सुरू करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठा आखडलेला वाटला तर दोन दिवस बंद.

जुळेसोलापूरकरीण

दहाच करेन मॅडम. अर्ज शहराच्या पत्त्यावर भरलाय. मोठ्या भावाची सही आली, धाकटा अजून निर्भीकचंच म्हणतोय, त्याला हा धागा पाठवलाय. बाबांनी जाड मूठ फेकू दिली नाही, ती आता त्या काडेपेटीच्या खोक्यात आहे.